चौदा बॉल समुद्रात घालवल्यावर आलेली अक्कल: रिसॉर्टचा अवघड गोल्फ कोर्स कसा खेळायचा

पहिल्यांदा असा समुद्रकाठचा कोर्स खेळले तेव्हा अठरापैकी पंधराव्या होलवर माझे बॉल संपले. बारा बॉलचं कोरं खोकं आणि बॅगेच्या तळाशी पडलेले दोन जुने, असे एकूण चौदा. पुढचं सगळं आमच्या ग्रुपमध्ये आलेल्या एका अनोळखी आजोबांच्या उसन्या बॉलवर खेळले, त्यांनी तीन दिले आणि मी एक परत केला. गंमत अशी की त्या दिवशी माझा स्विंग काही वाईट नव्हता, घरच्या कोर्सवर जसा असतो तसाच होता, मधला. हॉटेलवर येऊन स्कोअरकार्ड बघितलं तेव्हा कळलं की चौदापैकी फार तर चार बॉल खराब फटक्याने गेले होते, बाकी दहा चुकीच्या टीवरून (होलचा पहिला फटका मारायची जागा), चुकीच्या क्लबने (गोल्फची काठी), नाहीतर होलवरचा झेंडा दिसतोय म्हणून सरळ झेंड्यावर मारल्याने गेले.

म्हणजे आठवड्याच्या सुट्टीत स्विंग काही सुधारत नाही पण निर्णय सुधारता येतात. खाली जे लिहिलंय ते सगळं निर्णयांबद्दलच आहे, मनगट कसं वळवायचं वगैरे मला विचारू नका.

सुरुवात टीपासून, कारण सगळ्यात जास्त माती तिथेच होते. रिसॉर्ट कोर्सला चार-पाच-सहा टी असतात आणि सुट्टीवर आलेला माणूस 'एवढ्या लांब आलोय तर पूर्ण कोर्स खेळूया' म्हणून मागच्या टीवर जाऊन उभा राहतो. माझा नवरा त्यातलाच. मागच्या टी ज्यांच्यासाठी असतात ते लोक ड्रायव्हर (सर्वात लांब मारणारा क्लब) 280-290 यार्ड मारतात, आपण कधीतरी उतारावर मागून वारा असताना 230 मारलेला असतो आणि तोच आकडा आयुष्यभर सांगत फिरतो. अमेरिकेत 2011 पासून 'पुढच्या टीवरून खेळा' म्हणून मोहीम चालवली गेली, त्यांचा हिशेब असा की ड्रायव्हर सरासरी 250 यार्ड जात असेल तर 6200 ते 6400 यार्डांचा कोर्स खेळा, 225 जात असेल तर 5800 ते 6000, आणि 200 जात असेल तर 5200 ते 5400. आणखी सोपं म्हणजे तुमचा पाच नंबरचा आयर्न (मधल्या अंतराचा क्लब) जेवढा जातो त्याला 36 ने गुणा, 150 यार्ड जात असेल तर 5400, झालं. आणि पुढच्या टीला 'बायकांची टी' म्हणणं आता पुरे करा, टीला लिंग नसतं, अंतर असतं.

दुसरा आकडा बघायचा तो स्लोप. स्कोअरकार्डवर प्रत्येक टीसमोर कोर्स रेटिंग (चांगल्या खेळाडूला साधारण किती शॉट लागतील तो आकडा) आणि स्लोप छापलेला असतो. स्लोप 55 ते 155 मध्ये असतो आणि 113 म्हणजे मधला. स्लोप जेवढा जास्त तेवढा तो कोर्स चांगल्या खेळाडूपेक्षा आपल्यासारख्याला जास्त रडवतो. तुमचा हँडिकॅप इंडेक्स (खेळाची पातळी सांगणारा आकडा, जेवढा जास्त तेवढा खेळ कच्चा) 20 आहे आणि मागच्या टीचा स्लोप 140, रेटिंग 74, पार (अपेक्षित शॉट) 72 असेल तर 20 गुणिले 140 भागिले 113, अधिक 2 (रेटिंग वजा पार), म्हणजे तुम्हाला पारपेक्षा जवळजवळ 27 शॉट जास्त मिळतात. तोच कोर्स पुढून, स्लोप 122 आणि रेटिंग 69.5 असेल तर 19 शॉट. आठ शॉटचा फरक, आणि हा कागदावरचा, प्रत्यक्षात बॉल शोधण्यात जाणारा वेळ आणि वाढणारं ब्लड प्रेशर यात धरलेलं नाही. स्लोप 135 च्या वर दिसला की मी न लाजता आणखी एक टी पुढे जाते.

आता हे कोर्स एवढे भीतीदायक का दिसतात? कारण ते तसे दिसावेत म्हणूनच बांधलेले असतात. डॉमिनिकन रिपब्लिकमधला टीथ ऑफ द डॉग घ्या, पीट डायने बांधलेला, 1971 मध्ये सुरू झालेला, सात होल अगदी समुद्राला चिकटून. तिथल्या किनाऱ्यावरच्या धारदार खडकाला तिथले लोक कुत्र्याचे दात म्हणतात, त्यावरून नाव. पीट डायची खासियत अशी की टीवरून बघितलं की वाटतं इथे बॉल ठेवायला जागाच नाही, आणि फेअरवेवर (होलकडे जाणारी कापलेल्या गवताची पट्टी) जाऊन मागे वळून बघितलं की जाणवतं, अरे, केवढी जागा होती! हवाईतला कपालुआचा प्लांटेशन कोर्स (1991, बिल कूर आणि बेन क्रेनशॉ) तर फेअरवेच्या रुंदीसाठीच ओळखला जातो, कारण तिथे वारा एवढा की अरुंद फेअरवे ठेवले असते तर कोणी राऊंड पुरीच केली नसती. सांगायचा मुद्दा, टीवर उभं राहून डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. कार्टच्या जीपीएसवर होलचा नकाशा बघा, फेअरवे कुठे सर्वात रुंद आहे ते बघा आणि मग पाण्याकडे पाठ फिरवल्यासारखं तिकडेच मारा. समोर निळाशार समुद्र, लाटा फुटतायत, फोटो काढायचे असतील तर आधी काढून घ्या आणि फोन आत ठेवा. फोटो काढता काढता घाईत मारलेला शॉट कुठे जातो ते मी वर सांगितलंच आहे.

वेळ कुठली घ्यायची? सकाळची, शक्य तेवढी पहिली. उन्हाने जमीन तापली की समुद्रावरून वारा सुटतो आणि दुपारपर्यंत वाढत जातो, त्यात पावसाळी दिवस असतील तर दुपारनंतर गडगडाट ठरलेला. सकाळी ग्रीनवर (होलभोवतीचं अगदी बारीक कापलेलं गवत) दव असतं, पहिले तीन-चार होल पुट (तिथले जमिनीवरून ढकलायचे फटके) जरा हळू जातात, तेवढं चालतं. संध्याकाळचा स्वस्त स्लॉट घ्यायचा मोह होतो पण एक लक्षात ठेवा, विषुववृत्ताच्या जवळ दिवस वर्षभर साधारण बारा तासांचाच असतो आणि सूर्य मावळला की झपकन काळोख होतो, थंड देशांसारखी लांबलचक संध्याकाळ तिथे नसते. अठरा होलला सव्वाचार-साडेचार तास धरा आणि उलटा हिशेब करा. आणि विमानातून उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वात अवघड कोर्स बुक करू नका, झोप पुरी झालेली नसते. रिसॉर्टला दोन कोर्स असतील तर आधी सोपा, मग अवघड.

सामानाबद्दल थोडक्यात. स्वतःचे क्लब न्यायचे असतील तर ट्रॅव्हल कव्हरमध्ये सर्वात लांब क्लबपेक्षा उंच असा एक आधाराचा दांडा टाका आणि ड्रायव्हरचं डोकं काढून टॉवेलात गुंडाळा. भाड्याने घेणार असाल तर शाफ्ट (क्लबचा दांडा) रेग्युलर की स्टिफ (कडक) ते बुकिंग करतानाच सांगा, आणि शूज, ग्लव्ह, बॉल तरी स्वतःचेच न्या. बॉल नेहमीच्या दुप्पट, आणि महागडे नकोत. महाग बॉल हातात असला की पाणी बघून हात आखडतो, हे माझं शास्त्रीय नसलेलं पण पक्कं मत आहे. फक्त सगळे एकाच मॉडेलचे घ्या म्हणजे ग्रीनवर प्रत्येक वेळी वेगळा वागणार नाही. आणि प्रत्येक बॉलवर मार्करने मोठी ठळक खूण करा, का ते पुढे येईल.

दमट हवेत मुख्य शत्रू म्हणजे घामेजलेले हात. कमीत कमी तीन ग्लव्ह ठेवा, दर चार-पाच होलनंतर बदला, काढलेला ग्लव्ह खिशात चुरगाळून न ठेवता कार्टच्या दांड्याला वाळत घाला. पावसातले ग्लव्ह मिळतात ते ओले झाले की जास्त घट्ट धरतात, माझ्या मते दमट हवेत पाऊस नसतानाही तेच बेस्ट. सनस्क्रीन लावल्यावर तळवे नीट पुसा, नाहीतर बॉलच्या आधी ड्रायव्हरच उडून जाईल. आणि लेझर रेंजफाइंडर (अंतर मोजायची दुर्बीण) वापरत असाल तर तो रात्रभर एसीच्या खोलीत ठेवू नका, बाहेर काढला की काचेवर वाफ धरते आणि पहिले दोन-तीन होल काहीच दिसत नाही, अर्धा तास आधी बाल्कनीत काढून ठेवा.

वाऱ्यावर जरा जास्त बोलायला हवं, कारण माझ्या दहातले निम्मे बॉल त्यानेच नेले. समोरून येणारा वारा जेवढं नुकसान करतो तेवढा मागचा वारा फायदा देत नाही. ढोबळ हिशेब असा की ताशी 15-16 किलोमीटरचा समोरचा वारा असेल तर अंतरात दहा टक्के वाढवा, तेवढाच वारा मागून असेल तर पाचच टक्के कमी करा. म्हणजे 150 यार्डांचा शॉट समोरच्या वाऱ्यात 165 चा आणि मागच्या वाऱ्यात साधारण 143 चा. समोरून वारा आला की आपण काय करतो, तोच क्लब घेऊन जोरात मारतो, आणि जोरात मारला की बॅकस्पिन (बॉलची उलटी फिरकी) वाढतो, बॉल वर चढतो, वर गेला की वारा त्याला आणखी पकडतो आणि शेवटी तो ग्रीनच्या तीस यार्ड अलीकडे पाण्यात टपकतो. त्याऐवजी एक किंवा दोन क्लब जास्त घ्या, पकड जरा खाली घ्या, बॉल किंचित मागे ठेवा आणि आरामात तीन चतुर्थांश स्विंग करा. टीपाशी झाडी असेल तर तिथे वारा लागतच नाही, म्हणून गवताच्या चार काड्या उडवून समाधान मानू नका, माडांचे शेंडे बघा, ग्रीनवरचा झेंडा बघा, समुद्रावरच्या लाटांचा फेस कुठे उडतोय ते बघा. उष्ण कटिबंधातले व्यापारी वारे उत्तर गोलार्धात ईशान्येकडून आणि दक्षिण गोलार्धात आग्नेयेकडून वाहतात आणि बराच काळ दिशा बदलत नाहीत, त्यामुळे पहिल्या टीवरच स्कोअरकार्डवरच्या नकाशात वाऱ्याचा बाण काढून ठेवा, कुठल्या होलवर वारा कुठून लागणार ते आधीच कळतं. कपालुआचं अठरावं होल साडेसहाशे यार्डांहून लांब आहे, तरी उतार आणि मागचा वारा मिळाला की व्यावसायिक खेळाडू दोन शॉटमध्ये ग्रीन गाठतात, यावरून वारा आणि उतार काय चीज आहे ते समजा.

एक गैरसमज जाता जाता. दमट हवा जड असते म्हणून बॉल कमी जातो असं सगळे सांगतात, पण पाण्याची वाफ नायट्रोजन-ऑक्सिजनपेक्षा हलकी असते, त्यामुळे त्याच तापमानाची दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकीच असते. फरक नगण्य. उष्ण हवेत मात्र बॉल थोडा जास्त जातो. पण तुम्ही थंड हवेच्या उंचावरच्या गावातून समुद्रसपाटीला आला असाल तर तिथली हवा दाट, तेव्हा आल्या आल्या रेंजवर जाऊन दोन-तीन क्लबचं अंतर पुन्हा मोजून घ्या.

आता पाणी ओलांडायचे शॉट, ज्यासाठी लोक असे कोर्स खेळायला येतात आणि ज्यासाठी मी देव पाण्यात घालून बसायचे. हवाईतल्या माउना केआचं तिसरं होल बघा, रॉबर्ट ट्रेंट जोन्स सीनियरने लाव्हाच्या खडकावर बांधून 1964 मध्ये सुरू झालेला कोर्स, टीवरून थेट जमिनीत आत शिरलेल्या समुद्राच्या पाण्यावरून पार तीन, म्हणजे तीन शॉटचं होल. अशा शॉटला एकच आकडा लागतो, तुमचा कॅरी, म्हणजे बॉल हवेत जेवढा जातो तेवढाच, टप्पा पडून घरंगळतो तो धरायचा नाही. माझा पाच नंबरचा हायब्रिड क्लब 'एकशेसाठ जातो' म्हणजे हवेत 148 आणि बाकी घरंगळत, हे रेंजवर बसून मोजलं तेव्हा समजलं, आणि पाण्यावर घरंगळणं नसतं. पाणी संपतं तिथपर्यंत किती, त्यात वाऱ्याचे यार्ड मिळवा, वर दहा यार्ड जास्त धरा, आणि जो क्लब येतो तो घ्या. नेम ग्रीनच्या मध्यावर किंवा मध्याच्या थोडं मागे. झेंडा पुढे पाण्याजवळ असेल तर तो तुमच्यासाठी नाहीच असं समजा. लांब जाऊन मागच्या बंकरमध्ये (वाळूचा खड्डा) पडलेला बॉल निदान हाताला लागतो तरी.

टी खूप उंचावर आणि ग्रीन खाली असेल तर जेवढे यार्ड उंची कमी होते साधारण तेवढेच यार्ड अंतरातून कमी करा, पण बॉल हवेत जास्त वेळ राहतो म्हणून वारा त्याला जास्त हलवतो हे विसरू नका.

पाणी तिरकं असेल, म्हणजे फेअरवे पाण्याच्या कडेने वळत जातो तसं, तर तुम्ही किती कोपरा कापायचा ते तुमच्या हातात असतं. इथे माझा नियम असा की दहापैकी सात वेळा जी रेषा जमेल तीच घ्यायची. पुढे जाऊन थोडा लांबचा शॉट उरला तर उरला. पार पाचवर तिसऱ्या शॉटने ग्रीनवर जायला काहीच लाज नाही, पण लेअप (मुद्दाम अलीकडे ठेवायचा शॉट) करताना 'कुठेतरी पुढे' मारू नका, तुमच्या आवडत्या वेजचं (जवळच्या उंच फटक्यांचा क्लब) अंतर उरेल असा मारा. बोगी (पारपेक्षा एक शॉट जास्त) आली तर पदरी पडलं पवित्र झालं. मेक्सिकोतल्या पुंता मितामध्ये जॅक निकलॉसने तिसरं होल दोन प्रकारे ठेवलंय, 3ए जमिनीवरचं आणि 3बी ज्याचं ग्रीन समुद्रातल्या नैसर्गिक खडकाळ बेटावर आहे, म्हणजे बांधणाऱ्यालाही माहितीये की प्रत्येकाने प्रत्येक वेळी शौर्य दाखवायची गरज नाही.

तरी बॉल पाण्यात जाणारच, तेव्हा नियम पाठ असू द्या, कारण नियम माहीत नसल्याने जाणारे शॉट सर्वात फुकटचे. पाण्याभोवती लाल खुंट्या किंवा लाल रेष असेल तर एका पेनल्टीवर (एक जादा शॉट मोजून) तीन पर्याय: पुन्हा जिथून मारला तिथूनच, किंवा बॉल जिथून आत शिरला तो बिंदू आणि झेंडा यांची रेष मागे वाढवून त्यावर हवं तेवढं मागे, किंवा शिरला त्या जागेपासून दोन क्लबच्या लांबीत, झेंड्याच्या जवळ न जाता. पिवळ्या खुंट्यांना तिसरा पर्याय नसतो. ड्रॉप (बॉल हातातून खाली सोडणं) गुडघ्याच्या उंचीवरून करायचा, 2019 पासून. बॉल काठावर दिसतोय आणि खेळण्यासारखा असेल तर पेनल्टीशिवाय खेळता येतो, क्लब जमिनीला टेकवला तरी चालतो. मात्र तो कोरल किंवा लाव्हाच्या खडकावर असेल तर कृपा करून नको. क्लबचं तोंड जातं, बॉल उलटा अंगावर येतो, मनगट दुखतं, आणि एवढं करून वाचतो एकच शॉट. पांढऱ्या खुंट्या म्हणजे आउट ऑफ बाउंड्स (कोर्सच्या हद्दीबाहेर), तिथे शंका असेल तर आधीच प्रोव्हिजनल (तात्पुरता दुसरा बॉल) मारून ठेवा. बॉल नक्की पाण्यातच गेला असेल तर मात्र प्रोव्हिजनल चालत नाही. बऱ्याच रिसॉर्टवर हरवलेल्या किंवा बाहेर गेलेल्या बॉलसाठी लोकल रूल असतो, दोन पेनल्टी घेऊन फेअरवेच्या कडेला ड्रॉप करायचा, परत टीवर जायला लागत नाही. तो लागू आहे का ते कार्डच्या मागे बघा. शोधायला तीनच मिनिटं मिळतात.

आणि माड. बॉल माडाच्या झावळ्यांत अडकला, सगळ्यांनी बघितलं, तरी तो तुमचाच आहे हे ओळखता आलं नाही तर तो हरवलेलाच धरतात. ठळक खूण इथे उपयोगी पडते, रेंजफाइंडरमधून बघा, खूण दिसली तर अनप्लेएबल (खेळता न येणारा बॉल) म्हणून घ्या, एक पेनल्टी आणि बॉलच्या बरोबर खाली जमिनीवरची जागा धरून दोन क्लबच्या लांबीत ड्रॉप. खाली पडलेला नारळ किंवा झावळी सुटी असेल तर ती बिनधास्त बाजूला करा, फुकट, फक्त बॉल हलता कामा नये. झाड मात्र हलवायचं नाही, वर चढायचं तर नाहीच नाही.

यानंतर गवत, ज्याबद्दल मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. उष्ण प्रदेशात मुख्यतः दोन गवतं, बर्म्युडा आणि सीशोर पास्पालम. पास्पालम खारं पाणी सहन करतं म्हणून समुद्राकाठच्या कोर्सवर खूप दिसतं. त्याच्या फेअरवेवर बॉल मस्त वर बसतो, जणू छोट्या टीवर ठेवलाय, मारायला मजा येते. पण टप्पा पडून पुढे फार जात नाही, आणि ग्रीनच्या कडेला ते चिकट वागतं, लांबून पुटरने ढकलायला गेलात तर बॉल वाटेतच दम तोडतो, तिथे वेजने थोडा उचलूनच टाका आणि जरा जास्त लांब टाका.

बर्म्युडाचा मामला उलटा. रफमध्ये (फेअरवेबाहेरचं वाढलेलं गवत) बॉल खाली खोल बसतो, गवत क्लबच्या मानेला धरून ठेवतं आणि क्लबचं तोंड बंद होतं, बॉल डावीकडे (डावखुऱ्यांचा उजवीकडे). तिथे हायब्रिडने ग्रीन गाठायचा हट्ट सोडा, जास्त लॉफ्टचा (तोंड जास्त तिरकं असलेला) आयर्न घ्या, पकड घट्ट, तोंड किंचित उघडं आणि बाहेर पडा. ग्रीनजवळ गवत तुमच्याकडे तोंड करून वाढलेलं असेल तर वेजची पुढची धार त्यात रुतते आणि बॉल दोन फूट जातो, अशा वेळी पुटर किंवा हायब्रिडने पुटसारखा ढकलणं शंभर पटीने सुरक्षित.

बर्म्युडाच्या ग्रीनवर ग्रेन असतो, म्हणजे गवताची पाती एका दिशेला झुकलेली असतात. बॉलच्या मागून बघितल्यावर गवत चमकदार, फिकं दिसलं तर ग्रेन तुमच्या दिशेनेच पुढे जातोय, पुट वेगात जाणार. गडद, मंद दिसलं तर ग्रेन समोरून, जरा जोर लावा. खात्री नसेल तर होलच्या कडेला बघा, एका बाजूची कड स्वच्छ कापलेली आणि दुसरीकडची फाटकी, वाळल्यासारखी दिसते, फाटकी कड ज्या बाजूला तिकडे ग्रेन जातो. आडवा ग्रेन असेल तर छोट्या पुटला शेवटच्या फुटात बॉल तिकडे सरकतो. नव्या बारीक पात्याच्या जातींवर हा परिणाम कमी असतो. तिथले कॅडी (बॅग उचलणारे मदतनीस) 'सगळं समुद्राकडे वळतं' असं सांगतात, ते शब्दशः घेऊ नका, पण डोळे एक सांगतायत आणि कॅडी दुसरं, तर कॅडीचं ऐका. रोज तिथेच चालतो तो माणूस, आपण उंटावरून शेळ्या हाकणारे.

राऊंडच्या आधी फार वेळ नसेल तर रेंज सोडा आणि दहा मिनिटं पुटिंग ग्रीनवर घालवा, चारी दिशांनी लांब पुट मारून बघा, तेवढ्याने तीन-तीन पुट बरेच कमी होतात.

वाळू. पांढरी मऊ वाळू दिसायला सुंदर आणि त्यात उंचावरून पडलेला बॉल अर्धा गाडला जातो. मऊ असेल तर वेजचं तोंड उघडा, बॉलच्या दोन इंच मागे मारा आणि फटका मध्येच थांबवू नका. गाडला गेला असेल तर तोंड सरळ ठेवून खणा, बॉल जास्त घरंगळेल हे धरून चाला. पाऊस पडून वाळू घट्ट झाली असेल तर रुंद तळाचा वेज उसळतो, कमी बाउन्सचा (ज्याचा तळ कमी उसळतो असा) घ्या. वाळूत पाय रोवताना खोली कळते, तेवढंच चाचपायचं, हाताने किंवा क्लबने वाळू तपासली की पेनल्टी. मात्र मोठमोठे वाळूचे पट्टे बऱ्याचदा बंकर नसतात, साधी जमीन धरली जाते, तिथे क्लब टेकवता येतो. स्टार्टरला (खेळ सुरू करून देणारा कर्मचारी) पहिल्या टीवरच विचारून घ्या.

पाऊस झाला की कार्ट फक्त रस्त्यावरच, म्हणजे तुम्ही रस्त्यावर आणि बॉल ऐंशी यार्ड पलीकडे. अशा वेळी एकच क्लब घेऊन जाऊ नका, तीन-चार घेऊन जा, नाहीतर अख्खी राऊंड हेलपाटे. बॉल स्वतःच्याच खड्ड्यात रुतला तर बंकर आणि पेनल्टी एरिया (लाल-पिवळ्या खुंट्यांची हद्द) सोडून बाकी ठिकाणी फुकट ड्रॉप मिळतो.

वीज चमकली, सायरन वाजला, की तिथल्या तिथे थांबायचं, हातातला पुटसुद्धा मारायचा नाही. सायरन वाजायची वाटही बघू नका, धोका वाटला तर नियमच तुम्हाला थांबायची मुभा देतो. झाडाखाली नको, उघड्या कार्टमध्ये नको, पक्क्या इमारतीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी बाहेर पडू नका. उन्हाचंही तसंच. तहान लागायच्या आधी प्या, प्रत्येक टीवर दोन-चार घोट, नुसतं पाणी नको, मीठ-साखर असलेलंही काहीतरी. चक्कर, मळमळ, डोकं ठणकायला लागलं तर सावलीत बसा आणि राऊंड सोडा. जोडीदार बरळायला लागला, गोंधळला, तर थंड पाण्याने भिजवा आणि मार्शलला (कोर्सवर फिरणारा कर्मचारी) बोलवून तातडीने डॉक्टरकडे. काही कोर्सवर मगरी, साप, मधमाश्या असतात, बॉल अशांच्या जवळ गेला तर धोकादायक प्राणी म्हणून सुरक्षित जागी फुकट ड्रॉप मिळतो, आणि पाण्याच्या काठावर वाकून बॉल काढायची सवय घरीच ठेवून या.

खेळ हळू होत असेल तर मागच्या ग्रुपचा नाही तरी निदान आपला विचार करा. मी आता सुट्टीत स्टेबलफोर्डच (प्रत्येक होलला गुण मोजायचा प्रकार) खेळते, ज्या होलवर गुण संपले तिथे बॉल उचलला आणि पुढे. हँडिकॅपसाठी स्कोअर भरत असाल तरी नेट डबल बोगीच्या (आपले जादा शॉट धरून पारपेक्षा दोन जास्त) पुढचं मोजलंच जात नाही. नवऱ्याने ते मानायला दोन सुट्ट्या घेतल्या, एका पार चारवर त्याने अकरा लिहिले आणि नंतर चार होल तो कोणाशी बोलला नाही. पुढच्या दिवशी गुपचूप माझ्या टीवर येऊन उभा राहिला. मी काही बोलले नाही, फक्त त्याचा फोटो काढला. त्या राऊंडमध्ये माझे तीन बॉल गेले, त्याचे पाच.

खेळून आल्यावर बॅग तशीच कोपऱ्यात लोटू नका. खारी हवा वेजला दोन दिवसांत गंज आणते, म्हणून गोड्या पाण्याने पुसून, कोरडे करून ठेवा, ओले ग्लव्ह बंद खिशात ठेवले तर घरी पोचेपर्यंत बुरशी. आणि निघायच्या आधी शूजच्या तळातली माती आणि गवत टूथब्रशने घासून काढा, बॉल ठेवायच्या टी आणि डिव्हॉटचा (ग्रीनवरचे खड्डे बुजवायचा) काटासुद्धा. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडसारख्या देशांत शिरताना कस्टम्सवाले गोल्फ शूज काढायला लावून तळ बघतात, आणि रात्रभर प्रवास करून आल्यावर तिथे उभं राहून माती खरवडण्यापेक्षा हॉटेलच्या बाल्कनीत पाच मिनिटं घालवलेली बरी.